तकदीर, कसब आणि गुन्हा : ‘डीटूर’ आणि ‘माणूस’ या चित्रपटांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

गुन्ह्याची कथा आणि दैवाची भाषा यांचे नाते जुने आहे. ‘नशिबात होते म्हणून घडले’ हे वाक्य तुरुंगातल्या कैद्याच्या तोंडी येते, त्याच्या आईच्या तोंडी येते आणि कधीकधी मारल्या गेलेल्या माणसाच्या नातेवाइकांच्याही तोंडी येते. शब्द तेच असले तरी या तिघांच्या तोंडी त्यांचा अर्थ एक राहत नाही. आई त्या वाक्यातून दुःख सहन करण्याचे बळ मिळवते. कैदी त्यातून बहुधा सुटका शोधत असतो.

चित्रपटांच्या समीक्षेत हा भेद फारसा केला जात नाही. ज्या चित्रपटात पात्रे दैवाला दोष देतात तो चित्रपट ‘दैववादी’ ठरवून विषय मिटवला जातो. अमेरिकेत १९४०च्या दशकात निघालेल्या आणि फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी १९४६ मध्ये ‘फिल्म न्वार’ (काळा चित्रपट) या नावाने ओळखलेल्या गुन्हेपटांच्या बाबतीत तर असे वर्णन ठरून गेले आहे. काळोख, ओला रस्ता, फसवी स्त्री आणि दैवाच्या जाळ्यात सापडलेला पुरुष ही त्यांची सांगितली जाणारी लक्षणे.

प्रस्तुत लेखात या प्रकारातील एक गाजलेला, अल्प खर्चाचा चित्रपट ‘डीटूर’ (१९४५) आणि त्याच्या सहा वर्षे आधी पुण्यात तयार झालेला प्रभात फिल्म कंपनीचा ‘माणूस’ (१९३९) यांची तुलना केली आहे. दोन्ही चित्रपटांत हत्या घडते. दोन्हींत हत्या करणारी व्यक्ती समाजाच्या कडेला उभी आहे. मात्र आपल्या हातून घडलेल्या कृत्याशी या दोघांनी जोडलेले नाते परस्परविरुद्ध आहे. चित्रपटात दैव आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. दैवाचे नाव कोण घेते आणि ते घेऊन काय टाळते, हे आधी पाहावे लागते.

१. शब्दांची चिकित्सा

विषयाला हात घालण्यापूर्वी मराठी आणि उर्दू या दोन भाषांतील काही शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. दोन्ही भाषा शिकवणाऱ्यांना हे शब्द रोज भेटतात, पण त्यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

‘नशीब’ आणि ‘किस्मत’ या दोन्ही अरबी मूळ असलेल्या शब्दांत वाटणीची कल्पना आहे. जे वाट्याला आले ते नशीब. ‘तकदीर’ या शब्दात मापाची कल्पना आहे. जे मोजून, ठरवून दिले ती तकदीर. तिच्यासमोर उर्दू भाषा ‘तदबीर’ हा शब्द उभा करते. तदबीर म्हणजे योजना, उपाय, माणसाने लढवलेली युक्ती. मराठीत संस्कृत परंपरेतून आलेले संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन शब्द आहेत. साठलेले कर्म ते संचित, त्यातले फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध आणि आज, या घटकेला हातून घडत असलेले ते क्रियमाण. बोलीत मात्र ‘प्रारब्ध’ तेवढा टिकला आणि ‘क्रियमाण’ पुस्तकात राहिला. माणसाच्या जबाबदारीचा शब्द मागे पडावा आणि दैवाचा शब्द रुळावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

इस्लामी धर्मचिंतनात हाच प्रश्न जब्र आणि इख्तियार यांच्या वादात येतो. माणूस पूर्णपणे बांधलेला आहे, असे एका टोकाचे मत होते. तो आपल्या कृतीचा स्वतःच कर्ता आहे, असे दुसऱ्या टोकाचे. दहाव्या शतकात अबुल हसन अल-अशअरी यांच्या परंपरेने यातून मार्ग काढताना ‘कस्ब’ ही संकल्पना मांडली. कृतीची निर्मिती ईश्वराची, परंतु ती कृती माणूस ‘कमावतो’, आपलीशी करतो. म्हणूनच तो तिच्याबद्दल उत्तरदायी ठरतो. या मांडणीवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. इथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. घडणे आणि कमावणे यांत भेद करणारा एक नेमका शब्द तिने दिला, एवढेच इथे महत्त्वाचे आहे.

हाच कस्ब मराठीत ‘कसब’ होऊन आला. धंदा, हुन्नर, हातातले कौशल्य असा त्याचा अर्थ झाला. त्याच शब्दापासून ‘कसबीण’ म्हणजे देहविक्रय करणारी स्त्री हा शब्दही तयार झाला. पोटासाठी जे करावे लागते त्यावरून माणसाला नाव देण्याची आणि त्या नावात त्याला कायमचे कोंडण्याची समाजाची रीत या एका शब्दात दिसते.

आणखी एक शब्द ‘गुन्हा’. फारसीतून आलेला ‘गुनाह’ उर्दूत आजही पाप या अर्थाने वापरला जातो. कायद्याच्या अपराधाला उर्दूत ‘जुर्म’ म्हणतात. मराठीने मात्र ‘गुन्हा’ हा शब्द पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत नेऊन बसवला. त्यामुळे मराठी वाचकाला गुनाह आणि जुर्म यांतले अंतर एका शब्दात सांगता येत नाही. ‘डीटूर’ आणि ‘माणूस’ हे दोन्ही चित्रपट नेमके या अंतरात उभे आहेत.

२. ‘डीटूर’ : चार कृती आणि एक सबब

‘डीटूर’ म्हणजे आडवळण. एडगर जी. उल्मर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट प्रोड्यूसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन या छोट्या कंपनीने काढला. मार्टिन गोल्डस्मिथ यांनी १९३९ मधील स्वतःच्याच कादंबरीवरून पटकथा लिहिली. चित्रपटाची लांबी ७० मिनिटांहून कमी आहे.

कथा थोडक्यात अशी. अल रॉबर्ट्स (टॉम नील) हा न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये पियानो वाजवतो. त्याची प्रेयसी स्यू तिथेच गाते. ती नशीब काढण्यासाठी हॉलिवूडला जाते. पैसे नसल्यामुळे अल वाटेत मिळेल त्या मोटारीला हात दाखवत देशाच्या दुसऱ्या टोकाकडे निघतो. हॅस्केल नावाचा एक गृहस्थ त्याला गाडीत घेतो. रात्री अल गाडी चालवत असतो आणि हॅस्केल झोपलेला असतो. पाऊस येतो. गाडीचे छत लावण्यासाठी अल थांबतो, हॅस्केलला हाक मारतो, पण तो उठत नाही. दार उघडताच तो बाहेर कोसळतो आणि त्याचे डोके दगडावर आपटते. पोलीस आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत असे ठरवून अल मृतदेह लपवतो आणि हॅस्केलचे कपडे, पैसे, परवाना व गाडी घेऊन पुढे जातो. दुसऱ्या दिवशी तो व्हेरा (अ‍ॅन सॅव्हेज) नावाच्या स्त्रीला गाडीत घेतो. ती आधी हॅस्केलच्याच गाडीतून प्रवास करून आलेली असते. ती अलचे सोंग तत्काळ ओळखते आणि त्याला कह्यात ठेवते. लॉस एंजेलिसमध्ये भाड्याच्या खोलीत त्यांचे कडाक्याचे भांडण होते. पोलिसांना कळवण्याची धमकी देत व्हेरा टेलिफोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. अल बाहेरून टेलिफोनची तार जोराने ओढतो. दार उघडल्यावर दिसते की ती तार व्हेराच्या गळ्याभोवती गुंडाळली गेली होती. ती मेलेली असते.

ही सगळी कथा अल स्वतः सांगतो. रस्त्यालगतच्या एका उपाहारगृहात बसून तो मनातल्या मनात आपली बाजू मांडत असतो. दैव कोणावरही, काही कारण नसताना बोट ठेवू शकते, असा त्याचा अखेरचा निष्कर्ष आहे. बहुतेक परिचयांत हाच निष्कर्ष चित्रपटाचे तत्त्वज्ञान म्हणून सांगितला जातो. कथनाकडे बारकाईने पाहिले तर ते पटत नाही.

हॅस्केलचा मृत्यू अपघाती होता, हे अलचे म्हणणे वादासाठी मान्य करू. त्यानंतर अल चार गोष्टी करतो. तो मृतदेह लपवतो. तो मृताचे पैसे आणि नाव घेतो. कोणी भाग पाडलेले नसताना तो व्हेराला गाडीत बोलावतो. आणि बंद दाराबाहेरून, आत काय आहे हे न पाहता, तो तार ओढतो. या चारही ठिकाणी दुसरा मार्ग होता. तरीही त्याच्या निवेदनात हे चारही प्रसंग ‘दुसरे काय करणार होतो’ या सुरात येतात. पैसे घेण्याचे कारण तर तो असे देतो की मेलेल्या माणसाजवळ पैसे सोडून जाणे मूर्खपणाचे ठरले असते. हे व्यवहारी माणसाचे हिशेबी बोलणे आहे. दैवाने गांजलेला माणूस असा हिशेब करत नाही.

कायद्याची भाषा इथे समीक्षेला मदत करते. चित्रपट अमेरिकेतला आहे, पण समजून घेण्यासाठी आपल्याकडचे उदाहरण घेता येईल. १८६०ची भारतीय दंड संहिता ३० जून २०२४ पर्यंत लागू होती. तिच्या कलम ८० नुसार योग्य काळजी घेऊन, कायदेशीर कृती करताना, गुन्हेगारी हेतूशिवाय घडलेला अपघात हा अपराध ठरत नसे. त्याच संहितेच्या कलम ४०४ मध्ये मृताच्या ताब्यात असलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगासाठी घेणे हा स्वतंत्र अपराध होता. माणसाच्या हाताबाहेरचे काय आणि त्याने हाताने उचलले काय, यांतली रेषा कायदा अशा रीतीने आखतो. अल ही रेषा पुसतो. हॅस्केलचे कोसळणे त्याच्या वाट्याला आले, म्हणजे ते नशीब. हॅस्केलचे पाकीट त्याने कमावले, म्हणजे तो कस्ब. निवेदनात मात्र दोन्ही एकाच खात्यावर, दैवाच्या नावे मांडली जातात.

अल खोटे बोलतो आहे, असे काही समीक्षकांनी यापूर्वीच सुचवले आहे. मात्र तेवढे पुढे जाण्याची गरज नाही. तो सांगतो ती प्रत्येक घटना खरी मानली तरी तिचा त्याने लावलेला अर्थ मान्य करावा लागत नाही. सामान्य माणूस खोटे न बोलताही स्वतःला निर्दोष ठरवतो आणि त्यासाठी दैवाइतके सोयीचे साधन दुसरे नाही. ‘डीटूर’चे मोल या ओळखीत आहे.

३. तुटपुंजा खर्च आणि एकट्याची साक्ष

या चित्रपटाचे चित्रीकरण सहा दिवसांत आटोपले, असे उल्मर स्वतः सांगत. त्याला त्याहून अधिक दिवस लागले, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. दिवस कितीही असोत, पैशाची चणचण पडद्यावर जागोजागी दिसते. न्यूयॉर्कचा रस्ता उभारण्याऐवजी दाट धुके सोडून त्यात दिव्याचा एक खांब दाखवला आहे. धावत्या मोटारीतली दृश्ये स्टुडिओत, मागच्या पडद्यावर रस्त्याचे चित्र टाकून घेतली आहेत. प्रवासाची दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे दिसावी म्हणून काही ठिकाणी फिल्म उलटी छापली आहे. त्यामुळे त्या दृश्यांत चालक गाडीच्या उजव्या बाजूला बसलेला दिसतो.

या काटकसरीचे कौतुक बरेच झाले आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत ‘डीटूर’चा समावेश झाला आणि २०१८ मध्ये त्याची खराब झालेली प्रत दुरुस्त करून नव्याने दाखवण्यात आली. तुटपुंज्या खर्चाचा कथेच्या अर्थावर झालेला परिणाम मात्र कमी चर्चिला गेला. पैसे कमी, म्हणून पात्रे कमी. पात्रे कमी, म्हणून साक्षीदार नाहीत. निर्जन रस्त्यावर हॅस्केल मरतो तेव्हा तिथे फक्त अल आहे. बंद खोलीत व्हेरा मरते तेव्हाही तिथे फक्त अल आहे. घर, शेजार, आई-बाप, मित्र असे कोणी या जगात नाही. अलला प्रश्न विचारणारी एकमेव व्यक्ती व्हेरा, आणि तीही मरते. प्रेक्षकाकडे एकट्याची साक्ष उरते.

जिथे दुसरा माणूस नसतो तिथे दैव मोठे होते. अलच्या एकटेपणात घडलेले सगळे त्याला आभाळातून पडल्यासारखे वाटते, कारण त्याला अडवणारे, ‘तू असे का केलेस’ म्हणणारे कोणी नाही. निर्मितीच्या गरिबीतून आलेली ही पोकळी चित्रपटाच्या विचाराचा भाग बनली आहे.

शेवटी पोलिसांची गाडी येते आणि अलला घेऊन जाते. त्या काळी अमेरिकेत चित्रपटांसाठी जी आचारसंहिता लागू होती, तिच्यानुसार गुन्हेगार शिक्षेविना सुटलेला दाखवता येत नसे. ही अटकही अल होणारच असलेली गोष्ट म्हणून सांगतो. ती घडते की तो कल्पितो, हे धूसर आहे. स्वतःहून पोलीस ठाण्यात जाण्याचा विचार त्याच्या मनाला एकदाही शिवत नाही. तो पकडला जाण्याची वाट पाहतो. ‘कबूल आहे’ हे शब्द त्याच्याकडे नाहीत.

या चित्रपटाची एक उत्तरकथा अनेकदा सांगितली जाते. नायकाची भूमिका करणारा टॉम नील १९६५ मध्ये पत्नीच्या मृत्यूप्रकरणी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. चित्रपटातले दैव त्याच्या आयुष्यात उतरले, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र असे म्हणणारा समीक्षक अलचीच सबब पुढे चालवत असतो. एका स्त्रीचा जीव गेला होता आणि न्यायालयाने त्याची जबाबदारी एका माणसावर ठेवली होती. त्यात दैवाला आणण्याचे कारण नाही.

४. ‘माणूस’ : मैनेने नाकारलेली सुटका

‘माणूस’ला फिल्म न्वार म्हणणे काळाच्या आणि निर्मितीच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. तो त्या नावाच्या आधीचा आहे. शिवाय प्रभात ही साधनसंपन्न कंपनी होती आणि व्ही. शांताराम यांच्याकडे उल्मर यांच्यासारखी ओढाताण नव्हती. तरीही दोघांच्या दृश्यभाषेचा एक पूर्वज समान आहे. उल्मर जर्मन चित्रपटसृष्टीत घडले होते. शांताराम ‘सैरंध्री’च्या निमित्ताने १९३३ मध्ये जर्मनीला गेले होते. सावल्यांतून माणसाचे मन दाखवण्याची जर्मन पद्धत दोघांच्याही कामात दिसते.

‘माणूस’ मराठीत आणि ‘आदमी’ या नावाने हिंदीत निघाला. मराठी संवाद व गीते अनंत काणेकर यांची, तर हिंदी आवृत्तीचे लेखन मुन्शी अझीझ यांचे. गणपत (शाहू मोडक) हा पोलीस शिपाई. छाप्याच्या वेळी तो मैना (शांता हुबळीकर) या कसबिणीला वाचवतो. दोघांत प्रेम निर्माण होते. गणपत तिला त्या वस्तीतून बाहेर काढू पाहतो. त्याची आई साधी, देवभक्त बाई आहे. मैनेला मात्र आपण त्या घराला लायक नाही असे सतत वाटत राहते. अखेर तिच्या हातून तिच्या दुष्ट मामाची हत्या होते आणि ती तुरुंगात जाते. गणपत तिला तुरुंगातून सोडवण्याची तयारी दाखवतो. मैना नकार देते.

हा चित्रपट ‘देवदास’ला उत्तर म्हणून काढला गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९३५च्या ‘देवदास’ने प्रेमभंगात स्वतःला संपवणारा नायक लोकप्रिय केला होता. शांताराम यांना तो पराभव मान्य नव्हता. म्हणून ‘माणूस’ची चर्चा बहुधा गणपतच्या अंगाने होते. तो खचतो पण मरणाला शरण जात नाही, जगणे हेच कर्तव्य मानतो, असे सांगितले जाते. हे बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. दैववादाला खरे उत्तर गणपत देत नाही, ते मैना देते.

मैनेचे सुरुवातीचे वागणे दैववादीच आहे. तिचे गाजलेले गाणे उद्याची चर्चा नको, आजचा क्षण भोगा, असे सांगते. निरनिराळ्या भारतीय भाषांतली कडवी त्यात आहेत. येणारे गिऱ्हाईक कोणत्याही प्रांताचे असो, तिच्याजवळ त्याच्यासाठी त्याच्या भाषेत तोच निरोप आहे. वरवर हे आनंदाचे गाणे आहे. जिला उद्या नाही अशी बाईच उद्याचा विषय टाळते, हे ऐकणाऱ्याला थोड्या वेळाने उमगते. अल जसा ‘दैवाने केले’ म्हणून भूतकाळापासून सुटू पाहतो, तशी मैना ‘उद्या कशाला’ म्हणून भविष्यापासून सुटू पाहते. दोघेही आपल्या हातातला काळ नाकारतात.

फरक पडतो तो हत्येनंतर. मैनेच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. समाजाने तिला लहानपणापासून जे दिले त्यात तिची निवड नव्हती. मेलेला माणूस दुष्ट होता. तिच्यावर जीव लावणारा शिपाई दार उघडायला तयार होता. अलपेक्षा तिची सबब कितीतरी बळकट ठरली असती. ती सबब सांगत नाही. पळून जाणे म्हणजे पुन्हा अंधारात लपून जगणे, आणि सोबत गणपतलाही गुन्हेगार करणे, हे तिला दिसते. तिचा नकार तिच्या आयुष्यातली पहिली पूर्ण स्वतःची कृती आहे. समाजाने तिला ‘कसबीण’ म्हटले ते तिने न निवडलेल्या धंद्यावरून. इथे ती ‘कस्ब’ या शब्दाच्या मूळ अर्थाला पोहोचते. केलेले आपले म्हणून स्वीकारते.

यावर आक्षेप घेता येईल. बदनाम स्त्रीला तुरुंगात पाठवून शांताराम यांनी गणपतचे मध्यमवर्गीय घर सुरक्षित ठेवले, असे म्हणता येते. १९३९च्या प्रेक्षकाला मैना सून म्हणून पचली नसती आणि कथेने तिला दूर करण्याची सोय करून ठेवली, हा आक्षेप खोटा नाही. मैनेचा अपराधभाव तिच्यावर लादलेलाही आहे. मात्र तिच्या मनातले दोन ओझी वेगळी करून पाहावी लागतात. एक ओझे धंद्याचे, जे समाजाचे पाप होते आणि तिने स्वतःचे मानले. दुसरे हत्येचे, जे खरोखर तिच्या हाताने घडले. पहिल्याबद्दलची तिची शरम अन्यायाची आहे. दुसऱ्याबद्दलची कबुली न्यायाची आहे. चित्रपट या दोहोंत पुरेसा भेद करत नाही, ही त्याची मर्यादा होय. प्रेक्षकाने तो करावा एवढी सामग्री मात्र त्यात आहे.

‘डीटूर’मध्ये साक्षीदार नाहीत, तर ‘माणूस’चे जग माणसांनी भरलेले आहे. वस्ती आहे, पोलीस लाइन आहे, आई आहे. मैनेकडे कोणीतरी पाहत असते आणि त्या नजरांचा तिला जाच होतो. तरी त्या नजरांमुळेच तिची कृती कोणापुढे तरी उभी राहते. उत्तरदायित्वाला उत्तर ऐकणारा लागतो.

५. ‘किस्मत’ ते ‘बाजी’ : पुढचा प्रवास

हा प्रश्न हिंदी चित्रपटाने पुढे कसा हाताळला, याचा थोडक्यात उल्लेख आवश्यक आहे. बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’ (१९४३, दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी) मध्ये नायक शेखर (अशोक कुमार) हा पाकीटमार आहे. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. हरवलेला मुलगा अखेर श्रीमंत बापाला मिळतो आणि चोराचे सगळे माफ होते. अलची किस्मत शिक्षा देणारी आणि शेखरची किस्मत क्षमा करणारी, पण दोन्हींत काम एकच होते. नायकाला स्वतःच्या कृतीचा हिशेब द्यावा लागत नाही.

पुण्याची प्रभात आणि मालाडची बॉम्बे टॉकीज या दोन परंपरा गुरु दत्त यांच्यात एकत्र येतात. त्यांनी १९४४ पासून प्रभातमध्ये उमेदवारी केली. तिथेच त्यांची देव आनंद यांच्याशी मैत्री झाली. पुढे त्यांनी ज्ञान मुखर्जी यांच्या हाताखाली काम केले. नवकेतनच्या ‘बाजी’ (१९५१) पासून ते दिग्दर्शक झाले. पटकथा बलराज साहनी यांची होती. नायक मदन हा जुगारात हात बसलेला, आजारी बहिणीच्या औषधपाण्यासाठी अड्ड्यावर कामाला लागलेला तरुण.

या चित्रपटात साहिर लुधियानवी यांची एक गझल आहे. तिला सचिन देव बर्मन यांनी पाश्चात्त्य ठेक्याची चाल दिली आणि गीता रॉय यांनी ती गायली. तकदीरीसमोर तदबीर उभी करणारी, स्वतःवर भरवसा ठेवून डाव लावायला सांगणारी ही गझल उर्दू काव्यातील एका जुन्या जोडीला नवा जोम देते. ती तरक्कीपसंद विचाराची म्हणून नेहमी गौरवली जाते. प्रसंग विसरून मात्र चालणार नाही. ही गझल जुगाराच्या अड्ड्यावर, अड्ड्याची नर्तकी मदनला उद्देशून गाते. माणसाला कर्तृत्वाची हाक देणारे शब्द त्याला अड्ड्याच्या मालकाच्या कामाला जुंपण्यासाठी वापरले जातात. तकदीर ही सबब होऊ शकते, तशी तदबीर हेही आमिष होऊ शकते, हे साहिर आणि गुरु दत्त यांनी एका गाण्यात दाखवले.

अड्ड्याचा तोंड न दाखवणारा मालक मदनवर प्रेम करणाऱ्या डॉक्टर तरुणीचा प्रतिष्ठित बाप निघतो. म्हणजे मदन ज्याला नशिबाचा खेळ समजत होता तो चालवणारा हात एका बंगल्यात होता. गरिबाच्या नशिबामागे कधीकधी अशी नाव-पत्ता असलेली माणसे असतात, ही ‘बाजी’ची भर. दैवाचे नाव घेऊन गुन्हेगार जसा स्वतःला लपवतो, तसाच गरिबाला दैव शिकवून श्रीमंतही स्वतःला लपवतो.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

हा विचार वर्गात कसा नेता येईल? बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीपासून सीमेपलीकडच्या भंडारा-गोंदियापर्यंतच्या पट्ट्यात मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी नांदतात. अशा भागातला विद्यार्थी एकाच बोलण्यात नशीब, किस्मत, भाग्य आणि प्रारब्ध हे सर्व शब्द वापरू शकतो. त्याच्या तोंडी ते समानार्थी असतात. अध्यापकाने पहिले काम हे करावे की या शब्दांची मुळे वेगळी करून दाखवावीत आणि त्यांच्यासोबत तदबीर, कस्ब, क्रियमाण हे बाजूला पडलेले शब्द परत आणावेत.

दुसरे काम निवेदनाच्या वाचनाचे. ‘डीटूर’ दाखवल्यानंतर विद्यार्थ्यांना एकच गोष्ट लिहायला सांगावी : हीच हकिगत व्हेराने सांगितली असती तर ती कशी झाली असती? हॅस्केलच्या म्हाताऱ्या बापाने सांगितली असती तर? असे लिहिताना ‘दैव’ हा शब्द बहुतेक ठिकाणी आपोआप गळून पडेल आणि त्याच्या जागी कर्त्याचे नाव येईल. प्रथमपुरुषी निवेदनाची विश्वासार्हता हा अभ्यासक्रमातला कोरडा मुद्दा अशा सरावातून जिवंत होतो.

तिसरे काम नाजूक आहे. गरीब, कष्टकरी घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला ‘दैव मानू नकोस’ असे सरसकट सांगणे उद्धटपणाचे होईल. त्याच्या घरात या शब्दाने दुष्काळ, आजार, मरण सोसले गेले आहे. सोसणाऱ्याच्या तोंडचे दैव हा धीर असतो, त्याचा आदर करावा. करणाऱ्याच्या तोंडचे दैव ही सबब असते, तिची तपासणी करावी. हा भेद कळला तर विद्यार्थ्याला आईचा शब्दही कळेल आणि अलचा शब्दही.

समारोप

‘डीटूर’ दैवाचे तत्त्वज्ञान मांडत नाही. दैवाच्या नावाने स्वतःची सुटका करणाऱ्या माणसाची जबानी तो जशीच्या तशी ऐकवतो आणि निकाल प्रेक्षकावर सोडतो. त्याच्या निर्मितीतील काटकसरीने ती जबानी एकाकी केली आणि म्हणून ती इतकी पटण्याजोगी वाटते. ‘माणूस’मधील मैनेकडे याहून मोठी सबब असूनही ती तिचा आधार घेत नाही. तिच्या वाट्याला आलेला अन्याय आणि तिच्या हातून घडलेली हत्या या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. अन्यायाचा जाब समाजाला द्यावा लागेल. हत्येचा जाब ती स्वतः देते.

गुन्ह्याविषयीच्या कोणत्याही कलाकृतीपुढे, आणि वर्गाबाहेर वृत्तपत्रातल्या कोणत्याही बातमीपुढे, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे : ‘नशिबाने घडले’ असे म्हणणारा माणूस सोसणारा आहे की करणारा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेला विद्यार्थी चित्रपट नीट पाहील. उद्या तो पंच म्हणून, शिक्षक म्हणून किंवा शेजारी म्हणून कोणाची हकिगत ऐकेल, तेव्हा वाक्यातून गाळलेला कर्ता कोण, हे तो आधी विचारेल.